पॉलिसीत न बसणारी माणसं

किस्से गोळा करायला मी कुठे फिरत नाही. मालवणात भरडावर आमचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. सकाळी शटर वर केलं की किस्से आपल्या पायांनी आत येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि आधी पाणी मागतात.

ऑफिस माझं आणि आग्नेलचं. आग्नेल तिकिटं काढतो. त्याचं काम बरं आहे, तिकीट म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. माझ्याकडे ट्रॅव्हल इन्शुरन्स. परदेशात काय झालं तर कंपनी पैसे देते आणि काय झालं तर देत नाही, एवढंच मला सांगायचं असतं. इतकी वर्षं सांगतेय, घसा कोरडा पडला, पण पहिल्या फेरीत ते कळलेला माणूस मला अजून भेटायचाय. आग्नेलच्या मते चूक माझीच आहे.

"तू समजावतंस म्हणान ते इचारतत," तो म्हणतो. "मी बघ, खंय सही करूची तितक्याच सांगतंय."

*

चिवल्याला बाळूशेठचं किराणा दुकान आहे. बायकोला घेऊन ते दुबईला जाऊन आले. परतल्यावर खजुराचा डबा घेऊन ऑफिसात आले. मला बरं वाटलं. असा आठवणीने येणारा माणूस विरळा.

खजूर टेबलावर ठेवून ते म्हणाले की प्रवास झकास झाला, कोणी आजारी पडलं नाही, बॅगा वेळेवर आल्या, विमानसुद्धा उशिरा सुटलं नाही. मग जरा पुढे झुकून म्हणाले, "म्हणजे तुझा इन्शुरन्स काय वापराक गावलो नाय."

मी म्हटलं, देवाची कृपा. वापरावा लागला नाही हेच चांगलं.

"ता बरोबर. पण मगे उरलेलो मेव्हण्याच्या नावार कर. तो फुडल्या महिन्यात जातलो."

मी समजावून सांगितलं. पॉलिसी त्या माणसाच्या नावाची, त्या पासपोर्टची, त्या प्रवासाची असते. प्रवास संपला की ती संपते. वापरा नाहीतर नका वापरू, त्यातलं उरत काहीच नाही. शेठ शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी खुर्ची आग्नेलकडे वळवली आणि त्याला विचारलं की मोबाईलचा न वापरलेला डेटा तरी पुढच्या महिन्यात जातो की नाही. आग्नेल स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "जाता."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी शेठ हसले, समजलं म्हणाले, आणि गेले. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

पुढच्या महिन्यात मेव्हणा आला. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "भावोजींनी माझ्यासाठी ठेवलेलो आसा मा?"

*

दुसरी माझी सख्खी मावशी. सुमनमावशी, कट्टा गावची. लेकीचं बाळंतपण करायला मस्कतला निघाली होती. सोबत शेजारची बेबी. बेबीला कुठेही जायचं नव्हतं, ती ऐकायला आली होती.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. डायबेटिस? नाही. हृदयाचं काही? नाही. बीपी? नाही. मी मावशीला लहानपणापासून ओळखते. प्रत्येक लग्नात मीठ कमी आहे का विचारल्याशिवाय ती पानावर बसत नाही. मी विचारलं, मग पर्समध्ये ती गोळ्यांची पट्टी कसली?

"बीपीची."

"म्हणजे बीपी आहे."

"नाय गो. गोळी घेतंय म्हणान बीपी नाय. गोळी बंद केलंय तर आसा."

आग्नेल टायपिंग थांबवून कौतुकाने बघायला लागला. मी खुर्ची मावशीजवळ ओढली. सांगितलं की जो आजार आधीपासून आहे तो आधीच सांगावा लागतो. लपवला आणि तिकडे काही झालं, तर कंपनी इथल्या डॉक्टरचे कागद मागवते आणि हात वर करते. सांगितला असेल तर निदान जिवावर बेतल्यावर तरी उभी राहते. मावशीने बेबीकडे बघितलं आणि बेबीला बाहेर जाऊन रिक्षा मिळते का बघायला पाठवलं. बेबी गेल्यावर ती माझ्या कानाशी आली. बीपी लिहायला तिची हरकत नव्हती, पण बेबीला कळलं तर पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या कट्ट्याला कळलं असतं. मी बीपी लिहिलं. कानातच कबूल केलेली साखरही लिहिली.

मस्कतला पोचून फार दिवस झाले नव्हते आणि मावशी स्वयंपाकघरात कोसळली. अॅम्ब्युलन्स, आयसीयू, सगळं झालं. माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे तिच्या लेकीचा, फोन आला तेव्हा तिला नववा महिना लागलेला होता, धावपळ करणं शक्य नव्हतं. कंपनीशी झगडायला आग्नेल आणि मी दोघं बसलो. आजार आधीच लिहिलेला होता आणि प्रसंग जिवावरचा होता, म्हणून कंपनीला नाही म्हणता आलं नाही. मावशी वाचली. नातीला मांडीवर घेऊन मगच परत आली.

कट्ट्याला तिने अॅम्ब्युलन्सचं वर्णन केलं, तिथल्या मशीनचं केलं, नर्सच्या गोड बोलण्याचं केलं. सगळं कंपनीने दिलं हेही सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या. बेबीने विचारलं की एवढं झालं तरी काय होतं. मावशीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "थंयची हवा."

त्यानंतर कट्ट्याहून माझ्याकडे चार जणी आल्या. सगळ्यांना सुमनचा आहे तसाच इन्शुरन्स हवा होता. आजार कोणालाच नव्हता.

*

तारकर्लीचा बंड्या वॉटर स्पोर्ट्स चालवतो. बनाना राईड तुम्ही बघितली असेल. केळ्याच्या आकाराची फुगवलेली लांब बोट, तिच्यावर पर्यटक बसवायचे, स्पीडबोटीने ओढायचं आणि खोल पाण्यात मुद्दाम उलटवायचं. रोज शेदोनशे माणसं पाण्यात पाडणं हा बंड्याचा धंदा.

मित्रांबरोबर पट्टायाला निघाला तेव्हा मी त्याला सांगितलं की साध्या पॉलिसीत साहसी खेळ बसत नाहीत, वेगळं कव्हर घे. तो इतका हसला की खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन हसून आला. समुद्रात जन्म गेला, त्याला कसलं साहस.

पट्टायाला हा पठ्ठ्या बनाना राईडवर बसला. पाडण्याची सवय होती, पडण्याची नव्हती. खांदा निखळला. हॉस्पिटलमधून त्याने हेल्पलाईनला फोन लावला आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं की मी केळ्यावरून पडलो.

हेल्पलाईनवरच्या मुलीने त्याचा अर्थ केळ्याची साल असा लावला आणि तसंच लिहून घेतलं. सालीवरून घसरून पडणे म्हणजे सरळ अपघात. खेळ नाही, साहस नाही, दारू नाही. क्लेम मंजूर व्हायच्या वाटेला लागला. माझ्याकडे मेल आला तेव्हा मी दोनदा वाचला आणि गप्प बसले. खरं लपवू नका हे मी दिवसभर लोकांना सांगत असते, त्यामुळे बंड्याला काय सांगावं ते मला सुचेना.

सांगायची वेळच आली नाही. त्याच मेलची प्रत बंड्यालाही गेली होती. आपला खांदा केळ्याच्या सालीवरून घसरून निखळला असं कंपनीने लिहिलंय हे त्याला कोणीतरी वाचून दाखवलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने पुन्हा फोन लावला, त्या मुलीला झापलं, आणि पुरावा म्हणून लाइफ जॅकेट घालून बोटीवर बसलेला, दोन्ही हात वर केलेला स्वतःचा फोटो पाठवला.

क्लेम नामंजूर झाला.

परत आल्यावर गळ्यात हात अडकवून तो ऑफिसात आला. मी काही बोलायच्या आत त्यानेच सांगितलं की पैसे गेले त्याचं दुःख नाही. "पण सालीर घसारललो म्हणान मालवणात फिरूक गावला नसता."

*

आमच्या गल्लीतल्या देसाईवहिनी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, बॅगेचा इन्शुरन्स असतो का. मी म्हटलं असतो, पण. माझं "पण" पुरं व्हायच्या आत त्या खरेदीला गेल्या.

मेलबर्नहून फोन आला. आवाज थरथरत होता. मला वाटलं घरात काही वाईट झालं. तर वहिनींची चोरी झाली होती. मी वही ओढली आणि काय गेलं ते विचारलं. सुके बांगडे, सुका जवळा, भरलेल्या मिरच्या, आंबोशी आणि घरच्या फणसाच्या आठळ्या.

कुठे गेलं? विमानतळावर. पोलिसात तक्रार दिली का? पोलिसांच्या समोरच झालं. चोराला बघितलं का?

"बघलंय म्हणजे? तो युनिफॉर्मात होतो. छातीर नाव लिवलेला होता."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कस्टमने जप्त केलं तर कंपनी काही देत नाही, आणि खाण्याच्या वस्तूंचं तर नाहीच नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, मग बॅग हरवली असं लिही. मी विचारलं बॅग कुठे आहे. बॅग त्यांच्या समोर होती, त्या तिच्यावरच बसून बोलत होत्या.

मला राग यायला हवा होता. पण मग त्यांनी सांगितलं की ते बांगडे त्यांनी दोन दिवस स्वतः अंगणात बसून राखले होते, मुलाला आवडतात म्हणून. आणि त्या माणसाने हातमोजे घालून पुडी उचलली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या रांगेच्या देखत डब्यात टाकली.  मग वहिनींनी विचारलं, "ह्येचा काय गावता?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. अपमान कव्हर होत नाही.

*

मसुऱ्याचा विलास हे माझं एकमेव गिऱ्हाईक, ज्याने पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तसा तो एकच पुरे आहे.

त्याने सहकुटुंब सिंगापूरचं बुकिंग केलं होतं. निघायच्या आठवड्यात आला आणि म्हणाला, रद्द कर. गावच्या देवीला कौल लावला होता, देवीने उजवा, म्हणजे होकार, दिला नाही. मी कौलाची चेष्टा करणारी नाही. माझ्या घरीही लग्नाचा मुहूर्त कौलाशिवाय ठरत नाही. पण विलासला रद्द केलेल्या प्रवासाची भरपाई हवी होती. मी सांगितलं की भरपाई ठरावीक कारणांना मिळते. स्वतःचं आजारपण, घरात कोणाचं बरंवाईट, अशी.

विलासने पिशवीतून पॉलिसी काढली. एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. तिथे "अॅक्ट ऑफ गॉड" असं छापलेलं होतं.

मी म्हटलं, अहो, ते म्हणजे वादळ, भूकंप, पूर.

"मगे वादळ कोण करता?"

मी पाणी प्यायले. आग्नेल मला म्हणाला की माणसाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी त्याला त्याची तिकिटं बघायला सांगितलं. विलासला म्हटलं, कंपनीला पुरावा लागतो, आणि हे माझं चुकलंच, कारण दुसऱ्या दिवशी तो देवळाच्या गुरवांना घेऊन आला. शांत, वयस्कर गृहस्थ. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग सही कुठे करायची ते विचारलं.

मी त्यांना नमस्कार करून सांगितलं की काका, सहीचा प्रश्न नाही. देवीने का नको म्हटलं, त्याचं कारण कंपनीला लेखी लागेल.

गुरवांनी ग्लास खाली ठेवला. "देवी कारण सांगणा नाय," ते म्हणाले. "पण तुमची कंपनी नको म्हणता, ती तरी खंय सांगता?"

*

आणि आग्नेल. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून रोज हेच ऐकणारा आग्नेल भाचीच्या लग्नाला लिस्बनला गेला. चर्चच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला. तिथून मला फोन करून विचारलं की कालच्या तारखेची पॉलिसी निघेल का.

मी विचारलं, म्हणजे तू काढलीच नव्हतीस?

"माका वाटला, ऑफिसात बसता तेका आपसूक लागू जाता."

*

देवबागचे दाजी एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा टोरंटोला. त्याने आग्रह करकरून सहा महिन्यांसाठी बोलावलं, तिकीट पाठवलं. पॉलिसी काढायला दाजी स्वतः आले.

माझं सगळं बोलणं त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी एकच शंका विचारली. थंयच मेलंय तर काय? मी जरा चाचरत सांगितलं की तसं झालं तर कंपनी देह सन्मानाने घरापर्यंत आणते, सगळा खर्च तिचा. दाजींनी मान हलवली.

"आणि जित्तो आसताना येवचा झाला तर?"

मी सांगितलं की त्याला कारण लागतं. ते बरं म्हणाले आणि गेले.

डिसेंबरमध्ये त्यांचे फोन सुरू झाले. मी शटर वर करते न करते तोच फोन वाजायचा. सुरुवातीला उगाच काहीबाही विचारायचे. खाडीचं पाणी किती चढलं, माडांना कोणी पाणी घालतं का, सुरमई आली का बाजारात. मी कामात असायची, होय-नाही करायची. मग एकदा त्यांनी विचारलं की लवकर परत यायचं झालं तर पॉलिसीत काय बसतं.

मी विचारलं, तिकडे काही त्रास आहे का. अजिबात नव्हता. सून गुणाची होती, नातवंडं मराठी बोलत होती. मुलाने तर त्यांच्यासाठी वेगळी खोली रंगवली होती, निळी, समुद्रासारखी. पण दाजींना झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं. मुलाने एवढ्या हौसेने आणलं, आता मला जायचंय म्हटलं तर त्याला काय वाटेल? कंपनीनेच परत बोलावलं, तर कोणाच्या मनाला लागणार नव्हतं.

म्हणून रोज सकाळी मी त्यांना एकेक कलम वाचून दाखवायला लागले. आधी आजारपण. दाजी म्हणाले, परवाच सून डॉक्टरकडे घेऊन गेली होती, डॉक्टर म्हणाला शंभर वर्षं जगाल. मग घराला आग किंवा पूर. देवबागला दोन्हीकडे पाणी, पण यंदा समुद्रानेही काही केलं नाही. आठवडाभर हेच चाललं होतं. माझी इतर कामं पडून होती, मी चिडलेली होते. आग्नेलने मला खुणेने फोन ठेवायला सांगितलं होतं.

शेवटचं कलम राहिलं होतं ते वाचलं. मायदेशी जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण. दाजींनी विचार केला. भाऊ गेला होता. बहीण परळला होती, पण ती त्यांच्याहून धडधाकट होती. बाकी कोण?

मी म्हटलं, "मगे दाजी, ह्यातला काय बसणा नाय. मार्चपर्यंत कळ काढा."

  फोनमध्ये मागून कुठूनतरी बर्फ खरवडल्याचा आवाज येत होता.

"घराकडे कोण आजारी पडला तर येवक गावता मा?" त्यांनी विचारलं.

"होय. पण माणूस जवळचा लागता."

"मगे तू पड."

मला हसू आलं. ते हसत नव्हते. मी जे सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, की कंपनी नातं विचारते, पुरावा मागते. "मी तुमची कोण लागतंय, ता काय लिवू?"



"ता तूच बघ गो बाय," दाजी म्हणाले. "रोज सकाळी फोन तूच उचलतंस."